हिरवळीची सतरा कलमं

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी दोन अंगं सध्या रजेवर आहेत, उरलेल्या सहांचा स्वीकार व्हावा.) इकडे मी ठीक. तिकडे तू, भावोजी, बाळंतीण आणि जिच्यामुळे तुम्ही सगळे दोन महिने घरदार माझ्या गळ्यात घालून गेला आहात ती नातबाई, सगळ्यांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. नातबाई झोपत नाहीत असं ऐकलं. तिची आईही झोपत नव्हती, आणि आपल्या आईच्या म्हणण्यानुसार तूही नाही. जागरणाची परंपरा तिसऱ्या पिढीपर्यंत अखंड चालत आलेली पाहून माझ्यातला शास्त्री संतोष पावला. बाळंतिणीला मात्र हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

एवढे फोन चालू असताना हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुझ्या मनात आलं असेल. त्याचं कारण असं की फोन लागला की भावोजी स्पीकर चालू करतात, आणि मला जे सांगायचं आहे ते स्पीकरवरून सांगण्यासारखं नाही. तेव्हा हे पत्र एकटीने वाच. तुमची हिरवळ हिरवी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ह्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त ती किती हिरवी आहे, आणि विशेषतः किती उंच हिरवी आहे, हा पुढचा विषय.

जाताना भावोजींनी फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला होता, तो तुला आठवत असेल. सतरा कलमं. मी आयुष्यभर पोरांना संस्कृत शिकवलं, पण इतकी आटोपशीर सूत्रं क्वचित पाहिली. पहिलं कलम : हिरवळीची उंची दीड इंच. चौथं : दर शनिवारी यंत्राने कापावी. पाचवं : ओलं गवत कापू नये. नववं : अवजारांच्या खोलीतली एकही वस्तू जागची हलवू नये. अकरावं : दर पंधरा दिवसांनी किडीची पावडर मारावी. आणि सतरावं : शंका आल्यास फोन करावा. (हे शेवटचं पाळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माणूस ग्रंथ कधी शेवटपर्यंत वाचतो का?)

पहिल्या शनिवारी सकाळी भुरभुर पाऊस झाला, म्हणून कलम पाच. दुसऱ्या शनिवारी गुडघा. तिसऱ्या शनिवारी उत्तरपत्रिका. चौथ्या शनिवारी मात्र मी भावोजींचे बूट घालून, कंबर बांधून अवजारांच्या खोलीत शिरलो, यंत्राला हात घातला, तर मागच्या कापडी पिशवीतून एक चिमणी फर्रकन माझ्या कानाला घासून बाहेर गेली. पिशवीत डोकावलो. काड्या, कापूस, तुझ्या जुन्या स्वेटरची लोकर, आणि मधोमध चार अंडी. (स्वेटरचा शोध घेऊ नकोस. त्याचं सार्थक झालं आहे.)

आता माझी अडचण लक्षात घे. चौथं कलम म्हणतं कापावी. नववं म्हणतं खोलीतली एकही वस्तू हलवू नये. आणि कापायचं यंत्र त्याच खोलीत! विधी आणि निषेध एकमेकांना असे आमनेसामने भिडले, की आमच्या शास्त्रात निषेधाचं पारडं जड. मी यंत्र होतं तिथे ठेवलं, दार हळूच लोटून घेतलं आणि चहा केला. भावोजी ह्याला आळस म्हणतील. मी ह्याला नवव्या कलमाचं काटेकोर पालन म्हणतो.

तेव्हापासून गवताने जो काही उत्साह धरला, तो दहावीच्या वर्गाने कधी धरला असता तर मी धन्य झालो असतो. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. त्यात पिवळी बारीक फुलं आली, पांढरी आली, एक जांभळी आली ती कुठून आली कुणालाच माहीत नाही. त्यावर मधमाश्या आल्या. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतली बाई (तुम्ही तिच्याकडून एकदा गुलाब घेतला होता आणि तो मेल्यावर भावोजी भांडायला गेले होते, तीच) कुंपणावरून पाहून म्हणाली, “मास्तर, पहिल्यांदाच ह्या घरात बाग दिसली. इतके दिवस गालिचा होता.” मी तिला पावडरीचं विचारलं, कारण अकराव्या कलमाची तारीख उलटून गेली होती. तिने मला खोलीच्या दाराशी स्टुलावर बसवलं आणि नुसतं बघत राहा म्हणाली. तोवर अंड्यातून पिल्लं निघाली होती. तासाभरात चिमणा-चिमणीने मिळून एकतीस खेपा केल्या, आणि दर खेपेला चोचीत एक अळी. “आता मारा पावडर,” ती म्हणाली, “म्हणजे पोरांचं ताटच उचललं की.” पावडरीचा डबा अजून सीलबंद आहे. तोही जागचा हलवलेला नाही.

ह्या बाईच्या नादाने मी बराच बहकलो, हे कबूल करतो. तिच्या सांगण्यावरून छाटलेल्या फांद्या जाळायच्या ऐवजी मागच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या. त्यात आता कोण कोण राहतं ते मी विचारत नाही. कुंपणाखाली वीतभर भोक पाडलं, कारण सरपटणाऱ्यांना दाराची बेल वाजवता येत नाही. मग ती म्हणाली पाणी हवं. मोठं तळं नको, पण उथळ हवं, आत उतरायला दगड हवेत. माळ्यावर शोधताना निळ्या काठाचा तो एनॅमलचा टब सापडला, भाचीला लहानपणी आंघोळ घालायचीस तो. तो जमिनीत काठापर्यंत पुरला. चार दिवसांत त्यात बेडूक आला. कुठून आला, कुणी पत्ता दिला, काही कळलं नाही. तुझ्या मुलीपेक्षा तो पाण्यात शांत बसतो एवढंच सांगतो.

इथपर्यंत सगळं सात्त्विक होतं. पण भावोजींना दर रविवारी हिरवळीचा फोटो लागतो. पहिले दोन मी खरे पाठवले. तिसऱ्या रविवारी मी कुंपणाशी उभा होतो, हातात फोन होता, आणि पलीकडे शेजारच्या कात्रीबाईंची हिरवळ होती. (हे नाव तूच ठेवलंस; एप्रनच्या खिशात कात्री घेऊन हिंडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार.) दीड इंच, एक पातं कमी नाही, एक जास्त नाही. हात जरा कुंपणापलीकडे गेला. भावोजींचं उत्तर आलं : “उत्तम. असंच चालू ठेवा.” मी आज्ञाधारक माणूस. तसंच चालू ठेवलं. पाचव्या आठवड्याला फोटोत कात्रीबाईंची मांजर आली, तेव्हा भावोजींनी विचारलं, ती आपल्याकडे काय करते? मी लिहिलं, बिचारी घरच्यासारखी वागते. ह्यातही खोटं काही नाही.

मग कात्रीबाईच दारात आल्या. त्या आता आपल्या गल्लीच्या टापटीप समितीच्या अध्यक्ष आहेत, हे तू गेल्यानंतर घडलं. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं घर समितीच्या नियमात बसत नाही. रविवारी पाहणी, आणि सोमवारी समितीचा माणूस मोठं यंत्र घेऊन येऊन सगळं सपाट करणार, फांद्यांचा ढीग उचलणार, खोली आवरणार. “तुमच्या मेहुण्यांच्या हिरवळीची काय दशा केलीत हो मास्तर,” त्या म्हणाल्या. “ते आले तर रडतील.” पिल्लांना तेव्हा जेमतेम पिसं फुटत होती. उडायला अजून आठवडा हवा होता.

मी शनिवारचा अख्खा दिवस लाकडी पट्ट्या कापल्या आणि सुवाच्य अक्षरात पाट्या लिहिल्या. प्रत्येक तणाच्या पायाशी एक. पीतशिरस्का. श्वेतबिन्दुमालिनी. आणि जिच्या काटेरी बिया पायजम्याला चिकटतात तिच्यापुढे : वस्त्रानुरागिणी. कुठल्याही कोशात ही नावं मिळणार नाहीत, पण मी कुठे म्हटलं मिळतील? पिवळ्या डोक्याची आहे, तिला पीतशिरस्का म्हटलं. टबापाशी ‘मण्डूकसरोवर’ लावलं. अवजारांच्या खोलीवर ‘चटकानिवास : शांतता राखा’. (संस्कृतात चटका म्हणजे चिमणी.) गवताच्या मधून एक वळणदार पायवाट कात्रीने कापून काढली, कारण रोपवालीने सांगितलं होतं, की कडा नीट दिसली की लोकांना वाटतं आतला पसाराही मुद्दामच केलाय. (हे वाक्य मी माझ्या टेबलाबद्दलही वापरणार आहे.)

रविवारी कात्रीबाई दोन सभासद घेऊन आल्या. पहिल्या पाटीशी थांबल्या. चष्मा लावला. दुसऱ्या पाटीशी आवाज खाली आला. तिसऱ्या पाटीपाशी त्यांची साडी वस्त्रानुरागिणीने धरली, तर त्यांनी ती झटकली नाही, हळूच सोडवली. चटकानिवासापाशी आतून चिवचिव ऐकली आणि ही कात्री घेऊन हिंडणारी बाई पाच मिनिटं नुसती उभी राहिली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मास्तर, त्या पीतशिरस्केचं एखादं रोप मिळेल का? आमच्याकडे असलं काही येतच नाही.” ताई, ती त्यांच्याकडे गेली वीस वर्षं येत होती. त्या दर बुधवारी तिचं डोकं उडवत होत्या.

आणि इथेच माझा घात झाला. दुसऱ्या दिवसापासून कात्रीबाईंनी हिरवळ कापणं बंद केलं. त्यांच्या पलीकडच्यांनी त्यांचं पाहून बंद केलं. आज आपल्या गल्लीत एक म्हणून दीड इंची हिरवळ उरलेली नाही. परवा रविवार आहे. फोटो काढू कशाचा? आणि पाच तारखेला तर तुम्ही सगळे येऊनच ठाकणार.

एक गोष्ट मात्र थट्टेत सांगवत नाही. ही हिरवळ भावोजींनी कशासाठी लावली ते मला आठवतं. भाची पाऊल टाकायला लागली होती, फरशीवर पडायची, म्हणून त्यांनी उन्हाळाभर स्वतः खणून, चाळून, माती अंथरली. दीड इंच ह्यासाठी की त्यात तिला काटा, खडा दिसावा. तो माणूस तीस वर्षं शनिवारी यंत्र नाही चालवत, त्या पोरीच्या पायाखाली हात धरतो. हे मला कळत असूनही मी त्यावर गवत माजू दिलं, म्हणून हे पत्र लिहिताना चारदा चहा झाला.

नातबाईला माझा आशीर्वाद, बाळंतिणीला विश्रांती, तुला पुन्हा नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. १ : खरं काम असं, की हे सगळं भावोजींना तू सांग. जेवण झाल्यावर सांग, आणि नातबाई त्यांच्या मांडीवर झोपलेली असताना सांग. मांडीवर मूल असलेला माणूस ताडकन उठू शकत नाही.

ता. क. २ : पिल्लं गेल्या गुरुवारी उडाली. यंत्र मोकळं आहे. म्हणजे न कापण्याला आता शास्त्राधार उरलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही मी ते जागचं हलवलेलं नाही. फक्त पायरीसमोर चटईएवढा तुकडा मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने, पट्टी लावून, दीड इंच कापला आहे. खडे वेचले आहेत. नातबाईला रांगायला तेवढा पुरेल, आणि तिथून बेडूक दिसतो.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात भावोजींचा निरोप आला. कात्रीबाईंनी त्यांना परस्पर फोन करून आपल्या दुर्मिळ संग्रहाबद्दल अभिनंदन केलं, आणि भावोजी त्यांना म्हणाले, की हो, गेली कित्येक वर्षं मनात होतं, मेहुण्याला बारीकसारीक सूचना देऊन आलो होतो. मला वेगळं लिहिलंय : “पहिलं कलम रद्द. मांजर ओळखली होती, कुंपणही. पाट्यांवर माझं नाव आहे ना?” तेव्हा पहिला ता. क. रद्द समज. त्याऐवजी सोबतचा कागद घे. त्यावर सगळ्या तणांची नावं अर्थासह लिहिली आहेत. प्रवासात ती त्यांच्याकडून पाठ करून घे; कात्रीबाई पहिल्याच दिवशी विचारणार. आणि नातबाईच्या आंघोळीला येताना नवा टब आणा. जुन्याचा ताबा बेडूक सोडेल असं वाटत नाही.