माझ्या वाट्याची पानं

ता. ४ मार्च

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर या विषयाचं एक अक्षरही काढायचं नाही, पत्र लिही, असं तू बजावलंस म्हणून लिहिते आहे. इतकी आज्ञाधारक बहीण मिळाली आहे तुला, जरा जपून वापर.

इथे नव्या नागरिकत्वाच्या कार्डाशिवाय दुसरा विषय नाही. किराणावाला सांगतो की कायदा झाला की घरं मोजणार आणि जास्तीच्या खोल्या काढून घेणार. इस्त्रीवाली म्हणते, अंगठा एकदा दिला की परत मागता येत नाही. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सगळे कागद पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकले. आता गुडघ्यांमुळे शिडी चढवत नाही, तर खाली बसून नुसते माळ्याकडे बघत असतात. मी सगळ्यांना हसते, पण झेरॉक्सच्या रांगेत मीही दोनदा उभी राहून आले.

काळजी आहे ती चिमणीची. शाळेमागच्या लाँड्रीतली बाई तिला माझ्या वर्गाच्या दाराशी सोडून गेली ती परत आलीच नाही, त्याला सव्वीस वर्षं झाली. पाचेक वर्षांची असेल तेव्हा. आता मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, मलाच औषधांवरून रागावते, तरी तिचा आवाज आला की मला ती दाराशी उभी दिसते, एका पायात चप्पल नसलेली.

हॉस्पिटलनं महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर कार्डाचा अर्ज केला नाही तर काम बंद. फॉर्म दोन आहेत. एक ‘जन्म अज्ञात’ असलेल्यांचा. त्याला चार शेजाऱ्यांच्या सह्या लागतात, चौकशी लांबते, पण कार्ड मिळतं, फक्त मत देता येत नाही. दुसरा शाळेच्या रजिस्टरवरचा, त्यावर पूर्ण कार्ड. एक भरला की दुसरा कायमचा बंद. चिमणी म्हणते पहिलाच भरू, जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहून मोकळं होऊ. मला मात्र तो ‘अज्ञात’ शब्द तिच्या नावापुढे बघवत नाही. माझ्या अक्षरात तिची तारीख रजिस्टरमध्ये आहे की!

सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासतोस, विधेयक तुझ्या नजरेखालून गेलंच असेल. शाळेचं रजिस्टर चालेल का, एवढं एकच सांग.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हे वाचून झालं की फाडून टाक, म्हणजे माझी नोकरी आणि तुझी आज्ञाधारकता दोन्ही टिकतील.

लोकांना वाटतं आम्ही कायदे वाचतो. अगं, गुप्तता राहावी म्हणून पानं वाटून देतात. विषम पानं मला, सम पानं पलीकडच्या टेबलावरच्या जाड्याला, आणि मध्ये प्लायवुडची भिंत. माझं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि उरलेलं त्याच्याकडे जातं. वीस वर्षांत एकही कायदा मी सलग वाचलेला नाही. पण तुझं नशीब चांगलं. रजिस्टरचं कलम माझ्याच वाट्याला आलं, आणि पान एकवीसच्या तळाशी पुरतं संपलं. मान्यताप्राप्त शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख पुरेसा पुरावा मानली जाईल, असं स्वच्छ लिहिलं आहे. पूर्णविरामही मी तपासला.

तेव्हा किराणावाल्याचं ऐकू नकोस आणि चिमणीचंही ऐकू नकोस. दुसराच फॉर्म भरा. तुझ्या रजिस्टरला कोण नाही म्हणेल? त्या अक्षराचा दाखला देऊन देऊन मास्तरांनी माझे कान किती पिळले, ते मला विचार.

तिला म्हणावं, मामा सांगतो आहे. लोभाची आठवण करून द्यायला नको.
तुझा,
भाऊ


ता. २२ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

परवा अर्ज देऊन आलो. चिमणी कुरकुरत होती, पण मामानं सांगितलंय म्हटल्यावर गप्प झाली. कचेरी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आहे. जमिनीवरच्या पांढऱ्या रेषांवर रांगा लावल्या आहेत आणि रेषेबाहेर पाऊल पडलं की शिपाई शिट्टी मारतो. फोटोवाल्यानं हसू नका सांगितल्याबरोबर चिमणीला हसू फुटलं. पाचव्या खेपेला जमलं.

रजिस्टर मुख्याध्यापिकेनं आधीच पाठवलं होतं. टेबलावरचा कारकून फार सभ्य. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं विचारलं की इतक्या मुलांच्या तारखा त्याच त्याच कशा. भाऊ, आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं! मी सगळं सांगितलं. गोदीतल्या, भट्टीवरच्या आईबापांना तारीख ठाऊक नसायची. दुसऱ्या शाळा सगळ्यांना सरसकट एकच तारीख लावत. आमची शाळा चालवणाऱ्या सिस्टर सुपीरियरना ते पटत नसे. साठ मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी म्हणजे कुणाचाच नाही, असं त्या म्हणत. म्हणून मी आपल्या घरातल्या तारखा वाटल्या. बाबांची, माझी, आत्याची. तुझ्या तारखेची तर चाळीस मुलं आहेत, तुला न विचारता दिली, रागावू नकोस. चिमणीला आपल्या आईची दिली. सगळी मिळून तीनशे बारा.

त्यानं शब्द न शब्द टिपून घेतला, वाचून दाखवला, मी सही केली. रिटायर झाल्यापासून माझ्या कामाबद्दल कुणी एवढ्या आस्थेनं बोललं नव्हतं.

येताना चिमणी बसमध्ये डोळे मिटून बसली होती. दमली असेल, आदल्या दिवशी दोन पाळ्या केल्या होत्या.

असाच वेळेला धावून येत जा.
तुझी,
ताई


ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फॉर्म दिला नसशील तर देऊ नकोस. आज बांधीव प्रती आल्या आणि मी पहिल्यांदाच पान बावीस पाहिलं. ते जाड्याच्या वाट्याचं. त्याच्या पहिल्याच ओळीत आहे की शाळेनं तारीख अंदाजानं लिहिली असेल तर ती खोटी नोंद समजावी आणि अर्जदाराला निकाल लागेपर्यंत ताब्यात ठेवता येईल. जाड्याला विचारलं तर म्हणाला, त्याला वाटलं मला माहीत असेल.

तारीख कुठून आली असं कुणी विचारलंच तर आईबापांनी सांगितली म्हण. जन्मात खोटं बोलली नाहीस, एवढ्या वेळी बोल. उलट टपाली कळव.

भाऊ


ता. २ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टपालपेटी मीच उघडते. तुमचं पत्र आलं तेव्हा बाई चष्मा शोधत होत्या. मी ते वाचलं आणि माझ्या कपाटात ठेवलं. त्यांना त्यातलं काही कळवू नका, एवढी विनंती.

मला नोटीस आली आहे. नऊ तारखेला जुन्या वसतिगृहात हजर व्हायचं, दोन जोड कपडे घेऊन. बाईंना सांगितलंय की प्रशिक्षणासाठी परगावी पाठवत आहेत. त्यांनी स्वेटर काढून ठेवला आहे, उन्हाळ्यात!

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. कारकून लिहीत होता तेव्हा मी शेजारीच उभी होते. पेन भरभर चालायला लागलं तेव्हाच मला कळलं होतं. बाईंचा हात दाबून गप्प करता आलं असतं. पण त्या इतक्या खूश होत्या, मामा. गालांना रंग चढला होता. मला ते मोडवलं नाही.

त्यांच्या रक्तदाबाची गोळी सकाळचीच, संध्याकाळी घेतली असं सांगतील तर विश्वास ठेवू नका. आपली माया माझ्यावर होती तशी राहू द्या.
आपली,
चिमणी


ता. १६ एप्रिल

चि. भाऊस,
आशीर्वाद.

मला सगळं कळलं आहे, तेव्हा आता जपून लिहू नकोस. चिमणीखेरीज आणखी तीनशे अकरा नोटिसा निघाल्या आहेत. माझा जुना विद्यार्थी, तो बेकरीवाला, त्याची घेऊन आला, वाचून दाखवा म्हणाला. खाली माझा जबाब जोडलेला होता आणि त्याखाली माझी सही, नेहमीसारखी सुवाच्य. मग मी चिमणीचं कपाट उघडलं.

मुलं घरी येतात. मुलं कसली, केस पिकलेत काहींचे. कुणी भांडत नाही, भांडले असते तर बरं झालं असतं. बसवाला तर दारात उभा राहून हळूच विचारत होता की बाई, दुसरी एखादी तारीख निघेल का. कचेरीत जाऊन मी सांगितलं की माझा जबाब खोटा होता. त्याच कारकुनानं समजावलं की असं म्हणणं हा वेगळा गुन्हा होईल आणि त्यानं कुणी सुटणार नाही. तो खोटं बोलत नव्हता.

वसतिगृहापर्यंत जाऊन आले. खिडक्यांना बाहेरून पत्रे मारले आहेत. भेट नाही. पत्र देता येतं, पण पाकिटावर आतल्या माणसाच्या कार्डाचा क्रमांक हवा. मी म्हटलं, तिच्याकडे क्रमांक असता तर ती आत कशाला असती? पहारेकरी म्हणाला, हे रोज कुणी ना कुणी विचारतं.

मी तिला रोज लिहिते. आज आठवं झालं. काही विशेष नाही त्यांत. नळाला पाणी किती वाजता आलं, गोळी घेतली, असलंच.

पान बावीसचं मनाला लावून घेऊ नकोस. ते तुझ्या वाट्याचं नव्हतं. जबाब मात्र पुरता माझा होता.

एक तारखेपासून साध्या टपालालाही क्रमांक लागेल म्हणतात. आता मी हसत नाही. तुझा कळवून ठेव, म्हणजे आपलं तरी चालू राहील.

तुझी,
ताई