मूर्ती, ट्रेलर आणि चाकांचा निर्णय

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. हडपसरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम. माझ्याकडे फक्त आभारप्रदर्शन होतं. गावाहून बाबुरावकाका आले होते. त्यांनी सांगितलं, गावात नवा विहार बांधून झालाय, बुद्धपौर्णिमेला मूर्ती बसवायची. माझ्या हातात माइक होता. मी जाहीर केलं, मूर्ती ट्रेलरवर ठेवून माझ्या फोर बाय फोरने ओढत मी डोंगरावर नेणार. टाळ्या. काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, तूच आण बाबा.
घरी येताना गावच्या वाटेवरचा चिंचेचा उतार आठवला. हात गार पडले. एसी जास्त होता.

१६ एप्रिल
उताराबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. कच्चा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. लहानपणी दुधाची जीप तिथून खाली जाताना मी पाहिली आहे. ड्रायव्हर वाचला. जीप वर आणायला कोणी गेलं नाही.
मी घाबरलेलो नाही. प्रश्न तांत्रिक आहे. माझ्या गाडीला अलॉयची चाकं आहेत. व्हिडिओतला माणूस म्हणतो, दगडावर आपटलं की अलॉयला तडा जातो. स्टील नुसतं वाकतं, ठोकून सरळ करता येतं. निर्णय झाला. स्टील.

१९ एप्रिल
टायरवाले यज्ञेश्वर यांच्याकडे गेलो. अलॉय की स्टील, याची पाऊण तास चर्चा केली, मुख्यतः मीच. त्यांनी विचारलं, गाडी आजवर कुठल्या डोंगरावर गेली आहे. मी म्हणालो, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये नेहमी जाते. ते म्हणाले, अलॉय तुटतं, स्टील वाकतं, तुम्हाला कुठलं बघवेल ते सांगा.
ग्राहकाशी बोलायची ही पद्धत नव्हे. स्टीलची ऑर्डर दिली.

२५ एप्रिल
स्टील बसलं. काळं. पायल म्हणाली, बाबा, पोलिसांची गाडी वाटते. नववीतल्या मुलीला काय कळतंय.
मित्राचा, म्हणजे अभयचा, रिकामा ट्रेलर जोडून मैदानात सराव केला. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. हे कोणी आधी सांगत नाही. भेळवाल्याने आपली गाडी स्वतःहून लांब नेली. ब्रेक उशिरा लागतोय असं वाटलं. कारण लगेच लक्षात आलं, स्टील जड असतं. उतारावर जड चाक म्हणजे संपलंच. पुन्हा अलॉय, पण जास्त वजन पेलणारं.

३० एप्रिल
अलॉय बसलं. यज्ञेश्वर काही बोलले नाहीत, हेही मला आवडलं नाही.
शर्मिलाचं एकच चाललंय, अहो, काकांना फोन करून रस्ता कसा आहे ते विचारा. गरज नाही. रस्ता मला पाठ आहे. शिवाय विचारलं तर काकांना वाटेल मी घाबरलोय.
काका स्वतःच फोन करतात. मी त्यांना चाकाची भारक्षमता समजावून सांगतो. ते सगळं शांतपणे ऐकतात आणि विचारतात, येतोयस ना.

४ मे
वाईट स्वप्न. चिंचेचा उतार, मी ब्रेकवर उभा, आणि मागून ट्रेलर ढकलतोय. आरशात मूर्ती दिसते. शांत, डोळे मिटलेले. उठलो तर बनियन ओलं.
अर्थ उघड आहे. पुढे स्टील, मागे अलॉय. अभयला हा विचार सांगितला. त्याने विचारलं, तुला भीती वाटतेय का. त्याच्याशी काही दिवस बोलायचं नाही असं ठरवलंय. ट्रेलर परत देताना बोलावं लागेल.

८ मे
दिवे घाटात चाचणी. रिकामा ट्रेलर. पहिल्या वळणावर थांबलो. सगळे इंडिकेटर लावून बराच वेळ बसलो. बाजूने बस गेली, खिडकीतल्या आजींनी हात केला. मग अभयला बोलावलं. त्याने गाडी वळवून दिली आणि काही विचारलं नाही.
हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. पाय थरथरत होते. क्लच जड आहे त्यामुळे असेल. गाडी ऑटोमॅटिक आहे, पण तरी.

१० मे, शनिवार
नवीन अडचण. एका चाकावर बारीक रेघ दिसली. तडा असू शकतो. यज्ञेश्वर म्हणाले, ओरखडा आहे. मी म्हणालो, धोका नको, चारही तपासा. त्यांनी सांगितलं, मंगळवारी मिळतील, म्हणजे पौर्णिमा झाल्यावर. मंगळवारच ना, हे मी दोनदा विचारून घेतलं.
गाडी पार्किंगमध्ये स्टँडवर चढवून ठेवली आहे, चाकांशिवाय. जेवण आज चांगलं गेलं.

११ मे
गाडी येणार नाही, असं काकांना कळवलं. तांत्रिक कारण आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरं.
शर्मिला आणि पायल एसटीने गावी गेल्या. तुम्हीही चला म्हणाल्या. अशा अवस्थेत गाडी सोडून कसं जाणार?

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळी विहारातून शर्मिलाचा फोन. मूर्ती पोचली. शिल्पकाराचा टेम्पो आधीपासूनच ठरलेला होता. गावाला डांबरी रस्ता होऊन तीन वर्षं झाली. चिंचेचा उतार कापून सपाट केलाय, तिथे बसथांबा आहे.
मग काकांनी हो का म्हटलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, आई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर तुम्ही गावात पाऊल टाकलं नाहीत. मूर्तीच्या निमित्ताने तरी पोरगं येईल, असं त्यांना वाटलं. टेम्पो फाट्यावर थांबवून शेवटचा टप्पा तुम्हाला ओढू द्यायचा, असं त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं. लेझीमवाले फाट्यावर येणार होते. काल तुमचा फोन आल्यावर त्यांनी टेम्पो सरळ वर बोलावला.
मी म्हणालो, मला रस्त्याचं कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.
मग काका फोनवर आले. रागावतील असं वाटलं. म्हणाले, स्वारगेटहून दुपारी दोनची गाडी आहे, ये, खिरीचं पातेलं तुझ्यासाठी झाकून ठेवतो. मी विचारलं, एसटीला चाकं कुठली असतात. म्हणाले, गोल.

दुपारी
बॅग भरली. बूट घातले. ट्रेलर नाही, उतार नाही, गाडी दुसराच कोणी चालवणार. तरी दारातून पाय निघत नाही. काकांच्या समोर उभं राहायची भीती वाटते. एवढी भीती त्या उताराचीही वाटली नव्हती.
दोनची गेली. चारची बघतो.