नात्याचा रकाना

गुरुवार, २३ ऑक्टोबर, ग्वेल्फ, कॅनडा

आई, आज भाऊबीज. सकाळी सातला लॅबमध्ये गेले, साडेतीनला सुटले, वाटेत ग्रोसरीतून नारळ आणला. लेक कॉलेजमधून परस्पर तिच्या शिफ्टला गेली आहे. तबकात अक्षता, सुपारी, निरांजन काढून ठेवलं आहे आणि शेजारी फोन. माझे शेवटचे सहा मेसेज त्याच्यापर्यंत पोचलेलेच नाहीत. सव्वा महिना झाला.

तो म्हणजे तुझा सुदानी. पुण्यात तू कॉलेजच्या मुलांना जेवू घालायचीस, त्यातला फार्मसी शिकायला आलेला. मी एकुलती एक, म्हणून दर भाऊबीजेला तू मला गच्चीवर नेऊन चंद्राला ओवाळायला लावायचीस. भाऊ नसलेल्या मुली चंद्राला ओवाळतात. एका वर्षी मात्र तू पाट मांडलास आणि त्याला बसवलंस. त्याला मांडी घालता येत नव्हती, गुडघे पार कानांशी आलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात अडून उभी आहे. "मी नाही ओवाळणार. तो कोण लागतो माझा?" तू तबक माझ्या हातात कोंबतेस. "दोन वर्षं माझ्या हातचं जेवतोय. आणखी काय लागायला हवं?" मग त्याच्याकडे वळून, "कुंकू चालेल का रे तुला?" तो म्हणाला, "चालेल, आई. फक्त फोटो नको. तिकडच्या आईला वाटेल माझं लग्न लागलं." तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी रागारागाने ओवाळलं. पुढच्या सुट्टीत घरून येताना त्याने सरबतासाठी वाळवलेल्या जास्वंदीची पिशवी आणली आणि तू ती खोबरेल तेलात उकळून वर्षभर डोक्याला लावलीस. परवा-परवा कुठे तो फोनवर हसत म्हणाला, "छोटी, ते प्यायचं होतं. आईला नको सांगू." तुला जाऊन अकरा वर्षं झाल्याचं त्याला माहीत होतं. तरी तसंच म्हणाला.

अडीच वर्षांपूर्वी त्याच्या देशात सैन्य आणि त्या सैन्यानेच पोसलेली दुसरी फौज यांच्यात लढाई जुंपली. सरकारच्या विमानांनी त्याच्या गावच्या बाजारावर बॉम्ब टाकले, आणि दुसरे घराघरांत शिरले. त्याचं औषधाचं दुकान लुटलं. बायको पाण्याच्या रांगेत उभी असताना गोळी लागून गेली. दोन मुलींना घेऊन तो चालत सरहद्द ओलांडून निर्वासितांच्या छावणीत पोचला. तिथून फोन करायचा तेव्हा तुझ्या खाणावळीतलंच मराठी बोलायचा. "सगळं ठीक आहे. आमटी तेवढी नाही." मागून धाकटी खोकत असायची.

मग इथे कळलं की सुदानमधल्या जवळच्या नातेवाइकांना बोलावून घेता येईल. आईवडील, मुलं, सख्खी भावंडं. मी अर्ज डाउनलोड केला आणि नात्याच्या रकान्यापाशी थांबले. तो म्हणाला, "त्यात विचार काय करायचा? भाऊ लिही. आईने केलंय ना." त्याला खरंच त्यात अडचण दिसत नव्हती. लेक मागून वाचत होती. "मम्मा, यू कान्ट लाय ऑन अ गव्हर्नमेंट फॉर्म." ती बरोबरच बोलली. आई, माझं कामच पाकिटांवरची लेबलं तपासायचं आहे. आत जे आहे तेच बाहेर लिहिलेलं हवं, नाहीतर अख्खा माल परत. तीन दिवस तो रकाना कोरा ठेवला आणि चौथ्या दिवशी त्यात 'फॅमिली फ्रेंड' असं टाइप केलं.

अर्ज परत आला. भाऊ लिहिलं असतं तरी कागद मागितले असते, खोटं ठरलं असतं, त्याची पुढची वाटही बंद झाली असती. हे सगळं मला कळतं. रोज गाडी चालवताना मी ते स्वतःला पटवून देते आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत पटलेलं नसतं. तो म्हणाला, इथे वाट बघत राहिलो तर धाकटी राहणार नाही, मुलींना घेऊन ट्रकने उत्तरेला समुद्राकडे निघतो. मी म्हटलं, "थांब. दुसरं काहीतरी बघते." काय बघणार होते, मलाही माहीत नव्हतं. "किती थांबू, छोटी?" त्यानंतर फोन नाही. वाळवंटात ट्रक बंद पडतात, समुद्रात नावा उलटतात, अशा बातम्या मी लंच ब्रेकमध्ये वाचते आणि मुलींची वयं शोधते.

हे पत्र तुला मिळायचं नाही, म्हणूनच एक लिहिते. निघण्याआधी त्याने विचारलं होतं, "म्हणजे आईने जोडलेलं नातं त्यांना पटलं नाही?" मी म्हणाले, "हो, नाही पटलं त्यांना." त्यांना मी ते नातं कधी सांगितलंच नव्हतं.

साडेसहा होत आले. पार्किंगपलीकडे मेपलच्या झाडामागे बीजेची कोर दिसते आहे. मला भाऊ नाही, असं मी आज पुन्हा म्हणणार नाही. पडदा ओढून घेतला, तबकातल्या अक्षता परत डब्यात टाकल्या आणि एकीपुरता कुकर लावला.