मोडीत काढलेली गाडी

अल नहदा, शारजा
२ सप्टेंबर १९९९

ती. सौ. हेमाताईस,
अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली भाजणी मिळाली. दोनदा थालीपीठं झाली. वैभवीने ती केचप लावून खाल्ली, हे तुला कळवू नये असं वाटत होतं, पण तुझ्यापासून काही लपत नाही.

आज एका गोष्टीचा सल्ला हवा आहे. मागच्या महिन्यात वैभवीला पुन्हा दम लागला. भर दुपार, बाहेर भट्टी. गुणवंत जेबेल अलीला ऑफिसात. मी पोरीला पोटाशी धरून रस्त्यावर टॅक्सीसाठी उभी होते. टॅक्सीवाले थांबायचे, दुबईच्या बाजूच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की मान हलवून निघून जायचे. शेवटी एका अनोळखी पठाणाने पिकअपमध्ये घेतलं आणि दवाखान्यात सोडलं. तोवर तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. तुला तेव्हा कळवलं नाही, रागावू नकोस. त्या दिवशी घरी आल्यावर गाडी घ्यायचीच असं ठरलं. चौथ्या टेस्टला लायसन्स मिळाल्यापासून गुणवंतही इतरांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवण्यापलीकडे काही करत नव्हता, त्यालाही उत्साह आला.

त्याच्या ऑफिसात मिथुन म्हणून एक मुलगा आहे, मॅनेजरसाहेबांचा मेहुणा. तो जोडधंदा म्हणून जुन्या गाड्या विकतो. त्याच्याकडे एक पांढरी अमेरिकन गाडी आहे. एसी असा की शाल घ्यावी. किंमत नऊ हजार दिरहम, म्हणजे आपले लाखाच्या वर. एरवी अशी गाडी याच्या दुप्पट किमतीलाही मिळत नाही.

स्वस्त का, तेही मिथुनने स्वतःच सांगितलं आणि अमेरिकेचा कागद दाखवला. त्यावर सॅल्वेज असा शिक्का आहे. म्हणजे तिकडे तिला अपघात झाला आणि विमा कंपनीने ती मोडीत काढली. मग ती बोटीने इकडे आली आणि दुरुस्त झाली. अशा शेकडो गाड्या इथे धावतात म्हणे. पासिंग झालंय, मग हरकत काय, असं गुणवंतचं म्हणणं.

शुक्रवारी बघायला गेलो. चालवताना काही जाणवलं नाही. पण वैभवी मागच्या सीटवर बसली होती. तिने सीटच्या फटीत बोटं घातली आणि मम्मा, डायमंड्स, म्हणत मूठ उघडून दाखवली. काचेचे बारीक तुकडे होते, ताई. मी ते तिच्या हातातून झटकले आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. त्या सीटवर आधी कोण बसलं होतं, हेच मनात येतं. गुणवंत म्हणतो, मी जास्त विचार करते. दुसरीकडे दम्याचा पुढचा झटका कधी येईल ते सांगता येत नाही. घ्यावी का गं?

आईला नमस्कार. तुझी माया आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
अनुपमा

पुणे
१५ सप्टेंबर १९९९

चि. सौ. अनुपमास,
हेमाताईचे अ. उ. आ.

परवा गणपती बसले आणि काल तुझं पत्र आलं. मोदक वळता वळता वाचलं आणि एक मोदक हातातच फुटला.

निळ्या ओठांची गोष्ट मला आता कळते? आईला मी सांगितलेली नाही. तिला एवढंच माहीत आहे की जावई गाडी घेणार. ती सोसायटीभर सांगून आली आहे.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. तुझ्या भावजींना विचारलं, तर ते म्हणाले की मोडलेलं हाड सांधलं तर चालता येतं, पण पुन्हा त्याच जागी मार बसला तर काय होईल ते कोणी सांगावं. मला तेवढं पुरलं. घेऊ नकोस. गुणवंतरावांना म्हणावं, दुप्पट किंमत परवडत नसेल तर छोटी घ्या, जुनी घ्या, पण जिचा पूर्वेतिहास धड आहे अशी घ्या. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांत गाडी कोणाकडे आहे ते बघून ठेव. ओळख वाढव. तू पहिल्यापासून घुमी.

वैभवीला वाफ देत जा. आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जास्त समज.

तुझी,
हेमाताई

अल नहदा, शारजा
८ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. हेमाताईस,
अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि गुणवंतने दोन दिवस फुगून शेवटी मिथुनला नाही सांगितलं. मिथुन हसला, म्हणाला, नो प्रॉब्लेम, घेणारे खूप आहेत. मला वाटलं, सुटलो. पण आता त्याहून अवघड होऊन बसलंय.

माझ्या शाळेत शहनाझ म्हणून उर्दू शिकवणारी बाई आहे. अजमानला राहते. नवरा जहूर, तीन लहान मुलं. तू ओळख वाढव म्हणालीस ना, ती ही माझी एकुलती एक ओळख. मागच्या आठवड्यात ती स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आली. गाडी ठरली म्हणाली, बयाणा दिला, रमजानच्या आत घरी येईल. पांढरी, अमेरिकन, एसी एकदम थंडा. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. विकणाऱ्याचं नाव विचारलं तर मिथुनच. मी सहज विचारल्यासारखं केलं की आधी कोणाची होती. ती म्हणाली, अबूधाबीच्या एका मॅडमची, फक्त मुलांना शाळेत न्यायला-आणायला वापरायची. म्हणजे त्याने तिला कागद दाखवलेलाच नाही.

घरी येऊन गुणवंतला सांगितलं. तो म्हणाला की आपण यात पडायचं नाही. त्याचा व्हिसा डिसेंबरात रिन्यू व्हायचा आहे आणि सही साहेबांची. मेहुण्याचा धंदा आपल्यामुळे मोडला तर साहेब सही करतील का? आणि व्हिसा गेला तर घर, शाळा, वैभवीचे डॉक्टर, सगळं खलास. ताई, तो खोटं बोलत नाहीये. इथे माणूस उभा असतो तो त्या एका शिक्क्यावर.

पण शहनाझची धाकटी तीन वर्षांची आहे. ती मागच्याच सीटवर बसणार.

आमच्यात आठवडाभर धड बोलणं नाही. वैभवी मध्ये उभी राहून निरोप पोचवते, पप्पा सेज येस, मम्मा सेज नो. तुला फोन करावा तर फोन आईच्या उशाशी. तुझं उत्तर येईपर्यंत मला थांबता येईलसं वाटत नाही, तरी लिही. निदान कोणाशी तरी बोलल्यासारखं होतं.

माझ्यावरचा लोभ या पत्रानंतरही तसाच ठेव.

तुझी,
अनुपमा

पुणे
१९ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. अनुपमास,
अ. उ. आ.

पत्र आज आलं आणि आजच टाकते आहे. हे वाचून तुला माझा राग येईल, पण मी तुझी बहीण आहे, शहनाझची नाही.

गप्प राहा. गुणवंतराव म्हणतात ते खरं आहे. परक्या मुलखात नोकरी गेली तर तुमच्या बाजूने उभं राहायला कोण आहे? ती माणसं मोठी आहेत, गाडी घेताना दहा ठिकाणी विचारतील, त्यांचं त्यांना कळेल. कदाचित ती गाडी वीस वर्षं चांगली चालेल. तू का सगळ्यांचं ओझं उचलतेस? लहानपणी वर्गात दुसऱ्या मुलीला छडी बसली की तू घरी येऊन रडायचीस, आठवतं?

हे लिहिताना मलाच बरं वाटत नाही. तरी लिहिते. वैभवीकडे बघ आणि गप्प राहा.

माया कुठे जात नाही, काळजीही जात नाही.

तुझी,
हेमाताई

अल नहदा, शारजा
५ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. हेमाताई यांस,
गुणवंतचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून घाबरू नका. सगळे बरे आहोत. अनुपमाला लिहायला बसवत नाही, म्हणून मी लिहितो. लग्नात आभाराचं पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हेच.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच अनुपमा बोलून मोकळी झाली होती. मला न विचारता तिने स्टाफरूममध्ये शहनाझबाईंना सगळं सांगितलं. आणि झालं काय, तर बाई तिच्यावरच उखडल्या. तुम्हाला परवडली नाही म्हणून आमच्या गाडीला नजर लावता, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. अनुपमा घरी येऊन ओट्याला टेकून उभी राहिली, रडलीसुद्धा नाही. मी समजूत घालायचं सोडून म्हणालो की सांगत होतो ना. त्याची मला आता लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात जहूरभाई आणि त्यांच्यासोबत मिथुन. बाईंकडून ऐकून जहूरभाईंनी मिथुनला विचारलं होतं आणि त्याने सांगितलं होतं की असा कागद नाहीच, खोटं वाटत असेल तर गुणवंतभाईंनाच विचारा. माझ्याबद्दल त्याची एवढी खात्री होती. सगळे हॉलमध्ये बसले. अनुपमाने चहा आणला आणि आत न जाता तिथेच उभी राहिली. मिथुन हसत म्हणाला, बताओ गुणवंतभाई, आपने कोई कागज देखा है क्या.

ताई, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांपुढे डिसेंबर आला. साहेबांची केबिन आली. मी जहूरभाईंकडे बघितलं. ते रागात नव्हते. ते नुसते थांबले होते, डॉक्टरकडे रिपोर्टसाठी थांबतात तसे. मी म्हणालो की हो, बघितलाय, गाडी मोडीत निघालेली आहे, मागच्या सीटमध्ये काच होती. तेवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मिथुनने कप खाली ठेवला, खलास गुणवंतभाई म्हणाला आणि निघून गेला.

जहूरभाईंना बयाणा परत मिळाला, बऱ्याच खेपा घातल्यावर. शहनाझबाई अजून अनुपमाशी मोकळेपणाने बोलत नाहीत. अनुपमा म्हणते, लाज वाटत असेल, वेळ जाऊ दे.

मला साहेबांनी बोलावलं. गाडीचा विषयही काढला नाही. कंपनीला माणसं कमी करायची आहेत, एवढंच म्हणाले. व्हिसा रिन्यू होणार नाही. अजमानच्या एका लहान कंपनीत बोलणं झालंय. पगार कमी आहे, पण व्हिसा देतो म्हणतात. हातात कागद पडेपर्यंत मी कशावरही विश्वास ठेवत नाही. न जमल्यास जानेवारीत या दोघी तुमच्याकडे येतील. आईंना तूर्त काही सांगू नका.

तुमचं गप्प राहा म्हणणारं पत्र अनुपमाने वाचलं आणि मला दिलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मीही तिला तेच सांगत होतो.

काल वैभवीने विचारलं की पप्पांचा जॉब का गेला, पप्पांनी काय राँग केलं. अनुपमा म्हणाली, एका माणसाने पप्पांना प्रश्न विचारला आणि पप्पांनी खरं उत्तर दिलं. पोरीने थोडा विचार केला, दॅट्स ऑल? म्हणाली आणि कार्टून बघायला गेली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परवा मिथुनच्या यार्डावरून बस गेली, तेव्हा ती गाडी तिथे नव्हती. म्हणजे विकली गेली. कोणी घेतली, त्यांना काय सांगितलं, कळायला मार्ग नाही. आता सिग्नलला तसली पांढरी गाडी थांबली की अनुपमा माझा हात सोडून पुढे होते आणि मागच्या सीटवर कोण बसलंय ते वाकून बघते. मीही बघतो.

आमच्यावर लोभ असू द्या, सध्या त्याचीच गरज आहे.

आपला,
गुणवंत