प्लॅस्टिकची बाटली फुटली त्याची गोष्ट

प्रिय आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा. टेबलाखाली गेलेलं झाकण शोधायला आत्ताच पालथा पडलो होतो, त्यात तोही उरकला.) तुझा गुडघा काय म्हणतो? मांजरीला किती पिल्लं झाली? इकडे मी धडधाकट आहे, जे मला सध्या शोभत नाही. का, ते सांगतो.

सायकलदुरुस्ती सोडून मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलो, हे तुला ठाऊकच आहे. (सायकलदुरुस्ती वाईट नव्हती, पण दुरुस्त झालेली प्रत्येक सायकल कुठेतरी निघून जायची आणि मी तिथेच बसलेला, हे बघवेना.) पाण्यात काही रसायनं असतात, न चिकटणाऱ्या तव्यांतून, पाणी न शिरणाऱ्या कपड्यांतून आलेली. ती कुजत नाहीत, उकळून जात नाहीत, वर्षानुवर्षं तशीच राहतात, आपल्या घराण्यातल्या रुसव्यांसारखी. पूर्वी ती शोधायला बाटल्याच्या बाटल्या पाणी आणि वर डबाभर जहाल औषध लागायचं, म्हणजे एक विष सापडावं म्हणून दुसरं मोरीत ओतायचं. आमच्या मुख्य बाईंना ते सहन होत नाही. त्यांना आम्ही थेंबबाई म्हणतो (पाठीमागे). त्यांच्या पद्धतीत लेप दिलेली काडी छोट्या बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची, रसायनं काडीला चिकटतात, मग चमचाभर अल्कोहोलने ती उतरवून यंत्रात घालायची. वीस मोठ्या पोहण्याच्या तलावांत मिळून एक थेंब पडला तरी ते यंत्र ओरडतं. मला एवढं कळलं यातच माझं शिक्षण झालं असं मी समजतो.

पण यंत्र इतकं तिखट असलं की पाणी आणणाऱ्याने सोवळं पाळायचं. अंगाला क्रीम नको, पावसाळी जाकीट तर नकोच. सोबत एक ‘कोरी’ बाटली न्यायची, शुद्ध पाण्याची. ती विहिरीपाशी उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायची. आपल्या हातून किंवा कपड्यांतून काही पडलं असेल तर ते या पाण्यातही दिसतं आणि विहिरीवर उगाच आळ येत नाही.

तर आत्या, तुझ्या विहिरीवर आलो त्या दिवशी भुरभुर होती आणि मी निळं जाकीट घातलं होतं. तू गुडघ्याचं सांगत होतीस, मी बाही बाटलीवर लोंबत ठेवून हो हो करत होतो. मग तहान लागली. तपासणीआधी कुठल्याच विहिरीचं पाणी प्यायचं नाही असा नियम. (हा एकच मी पाळला.) म्हणून कोरी बाटली पिऊन टाकली. काही चव नाही गं, भाषण ऐकल्यासारखं वाटतं. वहीत लिहिलं, ‘फुटली’.

निकाल वाईट आला. तू विहीर झाकलीस. इथवर ठीक होतं. पण बाबा म्हणाले की तू भिंतीपलीकडच्या लाँड्रीवाल्या मावशींना, “माझ्या विहिरीत विष कालवलंस,” म्हणालीस, आणि रोज गप्पांना बसायचं स्टूल त्यांनी आत नेलं. तीस वर्षांचं स्टूल!

गेल्या आठवड्यात थेंबबाई नव्या लोकांना शिकवत होत्या. कपड्यांनी पाणी कसं बिघडतं ते दाखवायला त्यांनी खुंटीवरचं एक जाकीट काढलं, माझंच, आणि बाहीचा तुकडा शुद्ध पाण्यात बुडवून तपासला. यंत्राच्या पडद्यावर आलेखाचे जे उंचवटे उमटले ते तुझ्या विहिरीच्या निकालाचे सख्खे जुळे होते. बाकी कुणाला ओळखू आले नाहीत. मला आले. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो. तू तिथे गुडघा धरून बाहेरून पाणी वाहतेस, भिंतीशी बोलायला कोणी नाही, आणि हे सगळं माझ्या एका बाहीमुळे. सुचत नाही दुसरं काही.

थोरांना नमस्कार, पिल्लांना गोंजार.

तुझा अपराधी भाचा,
भिंगरी

ता. क. – तू स्वतःच प्रयोगशाळेला लिहून फेरतपासणी मागशील का? शंका वाटते एवढंच लिही. माझं नाव नको.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. रद्द. लिहून झाल्यावर लाज वाटली, बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या वही उघडून म्हणाल्या, “प्लॅस्टिकची बाटली फुटली? कशी, रागाने?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आणि इतके दिवस तुझ्या आत्या कुठून पाणी आणतायत?” आधीचा निकाल त्यांनी मागे घेतलाय. मंगळवारी स्वतः येऊन पाणी भरतील, मला बाटलीला हात लावायची बंदी. तोवर ते पाणी पिऊ नकोस हं. बाही दोषी ठरली म्हणून विहीर सुटत नाही, असं बाईंनी बजावलंय.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठीच – सोबत एक बंद पाकीट आहे, लाँड्रीवाल्या मावशींसाठी. चूक कुणाची ते त्यात लिहिलंय. आपल्या घरून टपालाने आलेलं पत्र त्या फोडणार नाहीत, म्हणून तूच हातात नेऊन दे. मात्र मंगळवारच्या आधी दे, आत्या. पाणी चांगलं निघाल्यावर माफी मागायला कुणीही जाईल.