हरियल आणि बांधावरची रानमेथी

आलापल्लीचं रान,
१४ जानेवारी २००६

ती. आक्काला कुमारचा शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस, आबांनी जेवण सोडलंय, निघून ये. येतो गं. पण विजेची टावर लाईन अर्धीच उभी झालीय, ठेकेदार सोडत न्हाय. आमच्या टावरसमोर उंबरावर हरियल बसतात, हिरवे पारवेच, पाय पिवळेधमक. जोडीदार नामा सांगतो, हा पक्षी जन्मात जमिनीला पाय लावत न्हाय. म्हटलं, मग हा माझाच भाऊ! मीपण दिवसभर वरच. आणि तू आपल्या बांधावरची रानमेथी. किती तुडवा, सकाळी तीन पानं वर. घरी तू हायस, दाजी हायेत, म्हणून आबांचा घोर न्हाय. लोभ हाय तसाच राहू दे.

तुझा हरियल,
कुमार


अंजूर, ता. भिवंडी,
२७ जानेवारी २००६

चि. कुमारला आक्काचे अनेक आशीर्वाद.

मस्करी पुरे. डॉक्टरनं आशा सोडली, आबांना दवाखान्यातनं घरी न्यायला सांगितलं. डोळे उघडले की एकच विचारतात, कुमार उतरला का. मी रोज सांगते, उतरतोय. तुझी रानमेथी बघायला बांधावर गेले होते. गोडाऊनच्या रस्त्यासाठी तिथं कंबरभर मुरूम टाकलाय. मेथी तुडवली तर उठते रे, गाडली तर न्हाय. मीपण थकले. आबांच्या तोंडात शेवटचं पाणी लेकाच्या हातनं जाऊ दे. पत्र मिळताच निघ. दाजी भिवंडी स्टँडवर येतील.

वाट बघणारी,
आक्का


आलापल्लीचं रान,
२५ फेब्रुवारी २००६

ती. आक्काला कुमारचा नमस्कार.

टपाल महिन्यानं वर आलं. गठ्ठ्यात दाजींचं कार्ड वरती, तुझं पत्र खाली. कार्डाचा कोपरा फाडलेला, मयताच्या पत्राला फाडतात तसा, बघूनच कळलं. आधी आबा गेल्याचं वाचलं, मग मला बोलावल्याचं. तेरावंपण होऊन गेलं. पाणी तू घातलंस, असं दाजींनी लिहिलंय.

सुतकाची आंघोळ करायला नाल्यावर गेलो. पलीकडं हरियल पाणी पीत होता, पिवळे पाय ओल्या वाळूत. नामाला विचारलं, हे काय. तर म्हणतो, तहान लागली की उतरणारच, मी आपलं ऐकलेलं सांगितलं.

म्हणजे तो उतरतो, आक्का. मीच उतरलो न्हाय.

लाईन अजून बाकी हाय. आता घरी कुणी विचारायला न्हाय, उतरला का म्हणून. ‘लोभ ठेव’ असं लिहायला हात धजत न्हाय. जमलं तर मुरूम थोडा उकरून बघ, मेथीची एखादी मुळी असंल. न्हाय सापडली तर मला कळवू नको.

कुमार