मास्तरांनी शिकवलेलं दुखणं

धानोरा, ८ जुलै २०२४

चि. सौ. सूनबाई सरितास,

तुझ्या मामाजींचा सप्रेम जयभीम. टॉवर बंद पडला, फोन लागत नाही. म्हणून नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ हे पत्र देतो. मला तर बरंच वाटलं. निवृत्त मास्तराला दुसरं येतं तरी काय?

भाताची रोवणी सुरू झाली. बांधीत पाणी उभं आहे आणि पाण्यात आभाळ. अशा दिवसांत मी तिसरीच्या पोरांना वर्गाबाहेर काढून कविता म्हणायला लावायचो. बांधावरच्या बगळ्यांनाही पाठ झाली असेल. आपली दिव्यानी यंदा तिसरीत. तिच्या पुस्तकांना कव्हरं घालून ठेवली आहेत.

आमचा रोशन सांगतो, महिनाभराच्या औषधाने नातीचा ताप उतरला, रिपोर्टही चांगला आला. मग दवाखान्यात काऊन थांबायचं? डॉक्टर रक्ताचा कॅन्सर म्हणतात खरे, पण आठ वर्षांच्या पोरीला तो होतो हे माझं मन घेत नाही. आपल्या घरात सिकलसेल आहे, तेही रक्ताचंच पिढीजात दुखणं; त्यातलाच प्रकार असेल. येत्या सोमवारी रोशन तिला आणायला येतो. तू नसल्याने भाजीत मीठ कमी पडते, अशी त्याची तक्रार आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझे मामाजी

नागपूर, ११ जुलै

ती. मामाजी यांस,

सविनय जयभीम. यांना दिव्यानीला न्यायला पाठवू नका. इथं राहायला पाठवा.

डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं. ताप गेला म्हणजे आजार गेला नाही. औषध दोन-अडीच वर्षं चालते. पूर्ण केलं तर पुष्कळ मुलं बरी होतात. सरकारी योजनेत औषध फुकट आहे, धर्मशाळेत चटईपुरती जागा आहे. बाजूच्या खाटेवर सिरोंचाकडचा अंकुश होता. ताप उतरला म्हणून त्याला घरी नेलं. मागच्या आठवड्यात परत आणला, दोनच दिवस जगला. तो गावी गेला असं मी दिव्यानीला सांगितलं. ती म्हणाली, त्याची चप्पल तर इथंच आहे.

लिहू नये, पण लिहिते. फेब्रुवारीत ती पाय दुखतात म्हणून रडायची. तुम्ही सिकलसेल म्हणालात. तपासणीचं शिबिर शाळेत तुम्हीच भरवलं होतं, सारं गाव तुमचं ऐकते. मी पण ऐकलं. मे महिन्यापर्यंत आपण गोळ्याच देत राहिलो. इतके दिवस काऊन थांबलात, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही.

तिचे केस गेले. आजोबाले सांगू नको म्हणते.

रागावू नका, आशीर्वाद असू द्या.
सरिता

धानोरा, १६ जुलै

चि. सरिता,

जयभीम. नाव घ्यायला हवं होतंस.

रोशन या पत्रासोबतच येतो, तो तिथंच राहील. रोवणी शेजारी करून देतात.

काल ठमाबाईकडे गेलो. तिची नात खुशबू पंधरा दिवसांपासून लंगडते, नाकातून रक्त येते. मी म्हटलं, उद्याच गडचिरोलीला नेऊन रक्त तपासू. ठमाबाई हसली. म्हणाली, "मास्तर, तुमीच त शिकवलं, पाय दुखला का सिकलसेल. मी गोळ्या सुरू केल्या नं." माझं चुकलं, असं मी तीनदा सांगितलं. नातीच्या दुखण्यानं मास्तराचं डोकं फिरलं, असं ती सुनेला म्हणाली आणि मला चहा पाजला.

पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं मी गावाकडून. आता माझ्याच तोंडचं कोणी ऐकत नाही. खुशबूचा बाप बाहेरगावी कामावर. घरात ठमाबाईच्या शब्दापुढे कोणी जात नाही.

म्हणून मागतो. ठमाबाईला तू पत्र लिही. फेब्रुवारी ते मे, सगळं, माझ्या नावासकट, अंकुशचंही लिही. काही झाकू नको. मिळेल त्या गाडीने धाड. शाळेपुढे गाव बोलावून मी स्वतः वाचीन.

आज सकाळी खुशबू ओट्यावर बसली होती. मी हाक मारली तर उठली नाही, हातच हलवला.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. पत्र मात्र लवकर पाठव.
मामाजी